पातळ हवेतला अँटेना आणि बाहेरून आलेले हात

दक्षिण अमेरिकेतल्या इक्वेडोरची राजधानी कीटो समुद्रसपाटीपासून सुमारे 2,850 मीटर उंचीवर आहे. तिथे 25 डिसेंबर 1931 रोजी 'एचसीजेबी' हे मिशनरी रेडिओ केंद्र सुरू झालं. पुढे त्याचे लघुलहरी कार्यक्रम जगभर पोचले. त्यामागे परदेशातून आलेल्या तंत्रज्ञांचे कष्ट होते.

टोकं जळणारा अँटेना

उंचावर हवा विरळ असते आणि विरळ हवेत विजेची गळती लवकर सुरू होते. केंद्राची शक्ती वाढली तशी अँटेनाच्या दांड्यांच्या टोकांशी रात्री ठिणग्या दिसू लागल्या. टोकं वितळू लागली. क्लॅरन्स मूर हा अमेरिकन अभियंता तेव्हा तिथे काम करत होता. मोकळ्या टोकांवर विजेचा दाब साचतो, तर टोकंच नकोत, असा विचार करून त्याने तारेचा बंद चौकोन उभारला. चौकोनाची एकेक बाजू लहरीच्या लांबीच्या पाव भाग, म्हणजे 25 मीटर लहरीसाठी साधारण सव्वासहा मीटर. 1940च्या दशकातला हाच 'क्युबिकल क्वाड' आज जगभरचे हॅम, म्हणजे हौशी रेडिओचालक, आवडीने उभारतात. प्रत्यक्ष जागेवर राहिल्याशिवाय हे सुचलं नसतं, असं मला ठामपणे वाटतं.

पाहुणा तंत्रज्ञ करतो काय?

अशा केंद्रावर बाहेरून स्वयंसेवक म्हणून आलेल्या तंत्रज्ञाच्या वाट्याला माइकसमोर बसणं क्वचितच येतं. मनोऱ्याचा पाया खणणं, ताणाच्या तारा सारख्या ताणून घेणं, जमिनीत तांब्याच्या तारा पुरून अर्थिंग करणं, केबलचे सांधे पाणी न शिरेल असे बंद करणं, हेच मुख्य काम. गवंडी, वेल्डर, डिझेल मेकॅनिक यांची गरज अभियंत्याइतकीच असते. विरळ हवेत यंत्रंही नीट थंड होत नाहीत, त्यामुळे पंख्यांचा हिशेब नव्याने मांडावा लागतो.

सुरक्षेत मात्र तडजोड नको. वीज बंद केल्यावरही ट्रान्समीटरच्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा भार उरतो. अर्थिंगच्या दांडीने तो उतरवल्याखेरीज आत हात घालायचा नाही. शेजारचा अँटेना चालू असेल तर मनोऱ्यावर चढायचं नाही.

कागदपत्रं आणि मनाची तयारी

बिनपगारी कामालाही अनेक देश पर्यटक व्हिसा चालवून घेत नाहीत, म्हणून दूतावासाकडून लेखी उत्तर घ्यावं. प्रवासखर्च बहुधा स्वतःचा किंवा देणग्यांतून उभा केलेला. अशा मिशनरी केंद्राचा हेतू धर्मप्रसाराचा आहे, हे उघड असतं. तो पटतो का, याचा निर्णय निघण्यापूर्वीच करावा.

तुम्ही परतल्यावर

कीटोजवळच्या पिफो इथे एचसीजेबीचा 1981मध्ये 500 किलोवॅटचा ट्रान्समीटर सुरू झाला. तो अमेरिकेतल्या एल्कहार्टमध्ये बनवलेला होता. शहराचा नवा विमानतळ जवळ होत असल्याने पिफोचं प्रक्षेपण 2009मध्ये थांबलं. इतकी मोठी यंत्रणाही कायमची नसते. शिकलेला माणूस मात्र पुढच्या केंद्रालाही उपयोगी पडतो. म्हणून जाण्यापूर्वी संस्थेला जरूर विचारा: आम्ही गेल्यावर हे यंत्र कोण सांभाळणार? उत्तरात स्थानिक तंत्रज्ञाचं नाव नसेल, तर पहिल्या दिवसापासून असा तंत्रज्ञ सोबत हवा, असा आग्रह धरा.