दुआ एकाने म्हणायची की सगळ्यांनी?

इमाम साहेबांच्या मागे आपण ‘आमीन’ म्हणतो. यहुदी लोकांतही ‘आमेन’ला मोठे वजन आहे. शुक्रवारी रात्री जेवणाआधी घरातला एक जण द्राक्षरसाचा किंवा वाईनचा प्याला हातात घेऊन ‘किद्दुश’ म्हणतो. बाकीचे लक्ष देऊन ऐकतात, ‘आमेन’ म्हणतात आणि सगळ्यांचीच दुआ अदा होते. अट एवढीच की म्हणणाऱ्याची आणि ऐकणाऱ्याची, दोघांचीही तशी नियत हवी.

रोटीचे जेवण झाल्यावर तीन पुरुष सोबत असतील, तर एक जण बाकीच्यांना शुक्र अदा करायला बोलावतो. दहा असतील तर त्या हाकेत ‘आपला खुदा’ हा शब्दही येतो. एकट्याला ही हाक नाही, पण दुआ माफ नाही. ज्याला दुआ पाठ नाही, तोही दस्तरखानावर परका राहत नाही. आम्हाला यात हेच मोलाचे वाटते.