खग्रास ग्रहण पाहायला गाव कोणते निवडाल?



24 ऑक्टोबर 1995 रोजी सकाळी राजस्थानातील नीम का थाना ते बंगालमधील डायमंड हार्बर या पट्ट्यात खग्रास सूर्यग्रहण दिसणार होते. मी वडिलांना म्हटले, "दादा, जाऊ या." ते म्हणाले, "दिवाळी आहे, द्राक्षाची छाटणी राहिलीय. पुढच्या खेपेला बघू." तिकडे आभाळ निरभ्र होते. गेलेल्यांचे डोळे निवले.

1999 चे ऑगस्टमधले ग्रहण बहुतेक ठिकाणी ढगांनी गिळले. मग आली 22 जुलै 2009 ची आषाढी अमावास्या. सुरतेला सकाळी सव्वासहाच्या सुमारास सव्वातीन मिनिटे खग्रास होते. सापुताऱ्यामार्गे रात्रीत पोचता येते, म्हणून दादांना घेऊन सुरत गाठली. आभाळ गच्च भरलेले! दिवस उगवता उगवता पुन्हा तिन्हीसांज झाली, पाखरे चिडीचूप झाली. पण सूर्य दिसलाच नाही. दादा एवढेच म्हणाले, "अंधार पाहिला, ग्रहण राहिलं."

दादा आज नाहीत. चूक माझी होती. मी जवळचे गाव निवडले, आभाळ निवडले नाही. आपण पेरणीआधी पावसाचा अंदाज घेतो. इथेही तसेच करावे.

पहिली गोष्ट पट्ट्याची. चंद्राची दाट सावली शे-दोनशे किलोमीटर रुंदीच्या पट्ट्यातूनच सरकते. पट्ट्याबाहेर सूर्य नव्याण्णव टक्के झाकला, तरी ते खंडग्रासच. सूर्याभोवतीचे प्रभामंडळ दिसत नाही. पट्ट्याच्या मध्यावर खग्रास जास्त वेळ टिकते, कडेला काही सेकंदच.

दुसरी हवामानाची. 16 फेब्रुवारी 1980 चे ग्रहण कारवार, हुबळी, रायचूर भागात कोरड्या ऋतूत, दुपारी झाले. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे ढगांचे राज्य. तरी जुन्या नोंदी फक्त कल सांगतात, हमी देत नाहीत. 2009 साली जाणकारांनी सुचवलेल्या बिहारमधील तारेगनाला ढग आले आणि वाराणसीच्या घाटांवर ते फाटले. म्हणून आदल्या दिवशीचा अंदाज पाहावा आणि पट्ट्यातच पुढे-मागे सरकता येईल असे वाहन हाताशी ठेवावे.

तिसरी सूर्याच्या उंचीची. सूर्य क्षितिजालगत असेल, तर त्या दिशेला डोंगर, झाडे, इमारती नसलेली मोकळी जागा हवी.

आता पुढचे. 2 ऑगस्ट 2027 रोजी इजिप्तमधील लक्झरला सहा मिनिटांहून अधिक खग्रास आहे. आभाळ वाळवंटाचे, पण पासपोर्ट आणि खर्च आला. नाशिकला ते खंडग्रास, तेही भर पावसाळ्यात. भारतातले पुढचे खग्रास 20 मार्च 2034 चे, उत्तरेकडे काश्मीर-लडाख भागात. सूर्य पश्चिमेला कललेला, भोवती उंच डोंगर आणि बर्फ. शिवाय आपल्याकडे तेव्हा द्राक्षांचा आणि उन्हाळ कांद्याचा हंगाम! जायचे असेल, तर बागेची सोय आधीच लावावी.

एक सूचना. परातीतल्या पाण्यात, एक्स-रेच्या फिल्ममधून किंवा काजळी धरलेल्या काचेतून ग्रहण पाहू नये. डोळे कायमचे जातात. ग्रहणाचा प्रमाणित चष्माच वापरावा. सूर्य पूर्ण झाकलेला असतो तेवढीच मिनिटे तो उतरवता येतो. प्रकाशाची पहिली तिरीप दिसताच पुन्हा चढवावा.

आणि घरातले वडीलधारे "पुढच्या खेपेला" म्हणाले, तर त्यांचे ऐकू नका. छाटणी चार दिवस मागे-पुढे होते. ग्रहण होत नाही.