टेलरसाहेबांची मंडळी: बेळगावच्या जुन्या मिशनची दोनशे वर्षं

बेळगावला आलेल्या पाहुण्याला काय दाखवायचं, याची यादी ठरलेली आहे. किल्ला, त्यातली कमलबस्ती, कॅम्पातले झाडीचे रस्ते आणि निघताना हातात कुंद्याचा पुडा. कॉलेज रोडवरच्या बेनन स्मिथ हायस्कूलपाशी त्याला कुणी थांबवत नाही. ही शाळा 1832 सालची. ज्या मिशनने ती काढली ते तिच्याहूनही बारा वर्षांनी जुनं. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून ‘यमुनापर्यटन’चं नाव घेतलं जातं. तिचा लेखक याच गावात जन्मला, मिशनच्या शाळेत शिकला आणि इथल्याच ख्रिस्ती मंडळीत त्याचा बाप्तिस्मा झाला.

छावणीमागोमाग आलेलं मिशन

एप्रिल 1818 मध्ये टॉमस मन्रोच्या फौजेने बेळगावचा किल्ला पेशव्यांच्या शिबंदीकडून घेतला आणि गावाशेजारी इंग्रजांची छावणी पडली. पलटणी मद्रास इलाख्यातल्या होत्या. त्यांच्याबरोबर तमिळ बोलणारे शिपाई, खानसामे, मोतद्दार आणि त्यांची बायकामुलं आली. गावात मराठी आणि कन्नड, छावणीत तमिळ, अधिकाऱ्यांच्या बंगल्यांत इंग्रजी असा प्रकार होता.

1820 साली रेव्हरंड जोसेफ टेलर बल्लारीहून इथे आले. बल्लारीत लंडन मिशनरी सोसायटीचं काम जॉन हँड्स यांनी 1810 मध्ये सुरू केलं होतं आणि टेलर तिथेच तयार झाले. ते विलायतेहून बोटीने आलेले नव्हते, त्यांचा जन्म याच देशातला. एकाच गावात चार भाषांत काम करायची वेळ त्यांच्यावर आली. सुरुवातीला त्यांच्याभोवती जमलेले लोक बरेचसे छावणीतले तमिळ. मराठी आणि कन्नड माणसं हळूहळू, एकेक करून आली. त्याच दशकात विल्यम बेनन त्यांना येऊन मिळाले. शाळेच्या नावातले बेनन ते हेच.

नकाशावर पाहिलं तर या मिशनची जागा अवघड होती. दक्षिणेला धारवाडात 1837 पासून बासेल मिशन, त्याचं सगळं काम कन्नडमध्ये. उत्तरेला अहमदनगरात अमेरिकन मराठी मिशन, त्याचं ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक 1842 पासून मराठीत निघू लागलं. बेळगावच्या मंडळीला एकच भाषा धरून राहणं परवडण्यासारखं नव्हतं. आज ज्या दोन भाषांवरून हा सीमाभाग ओळखला जातो, त्या दोन्ही तिच्या कामकाजात पहिल्यापासून होत्या.

मंडळीचा मालक कोण?

ख्रिस्ती पंथांतले भेद बाहेरच्याला किचकट वाटतात. बेळगावची गोष्ट कळायला त्यातला एक मुद्दा मात्र लागतो: मंडळीचा पाळक, म्हणजे धर्मोपदेशक, कोण नेमतो?

लंडन मिशनरी सोसायटी 1795 मध्ये स्थापन झाली. तिचे बहुतेक लोक काँग्रिगेशनल पंथाचे. मंडळीवर बिशप नको, मंडळीने आपला कारभार आपण पाहावा आणि पाळकही आपणच निवडावा, हे त्यांचं तत्त्व. बाप्टिस्टांचंही तेच. फरक बाप्तिस्म्याचा. काँग्रिगेशनल मंडळीत तान्ह्या मुलांनाही तो देतात. बाप्टिस्ट मात्र स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल करणाऱ्यालाच देतात आणि त्याला पाण्यात पूर्ण बुडवून वर काढतात.

बाप्टिस्टांचं नाव मराठी वाचकाला आणखी एका कारणाने ठाऊक असायला हवं. सेरामपूरचे विल्यम कॅरी बाप्टिस्ट होते. वैजनाथ पंडितांच्या मदतीने त्यांनी 1805 मध्ये मराठीचं व्याकरण आणि 1810 मध्ये शब्दकोश काढला, पाठोपाठ नव्या कराराचं भाषांतर छापलं. टेलर बेळगावात आले तेव्हा मराठीत छापलेली पुस्तकं मोजकी होती आणि त्यांतली बरीच बंगालात, कॅरींच्या छापखान्यातून आलेली होती.

बेळगावात टेलर मंडळीच्या मतांवर निवडून आले नव्हते. ते मिशनचे नेमलेले, खर्चही मिशनकडून. पण एकदा आले ते इथेच राहिले. तीस वर्षांहून जास्त काळ एकच माणूस एकाच गावात उपदेश करतो, लग्नं लावतो, माणसं पुरतो आणि शाळेवर लक्ष ठेवतो, तेव्हा त्याच्या डोळ्यांदेखत एक पिढी शाळकरी पोरांची बापई माणसं होते. त्यांच्या मुलानेही मिशनचीच वाट धरली. जोसेफ व्हॅन सोमरन टेलर 1820 मध्ये बल्लारीत जन्मले, पुढे गुजरातेत गेले आणि त्यांनी लिहिलेलं गुजराती व्याकरण तिकडे आजही नाव राखून आहे. बापाने चार भाषांत संसार केला, मुलाने पाचवी भाषा जवळ केली.

कासारांचा बाबा

बाबा पद्मनजी मुळे यांचा जन्म 1831 चा, बेळगावचा. घर कासारांचं, वडील सरकारी नोकरीत. पोर अतिशय देवभोळं. पूजा, पोथ्या, उपासतापास यांत रमणारं. हाच मुलगा मिशनच्या शाळेत इंग्रजी शिकायला गेला. शाळेत बायबल शिकवत, घरी देव्हारा होता आणि दोन्हींचा ओढा खरा होता. ही ओढाताण त्यांनी पुढे 1888 मध्ये ‘अरुणोदय’ या आत्मचरित्रात सविस्तर मांडली. मराठीतल्या सुरुवातीच्या आत्मचरित्रांत या पुस्तकाची गणना होते.

पुढच्या शिक्षणासाठी ते मुंबईला फ्री चर्चच्या शाळेत गेले. तिथे जॉन विल्सन आणि मरे मिचेल यांच्यासारखे शिक्षक भेटले. जातिभेद मोडू पाहणाऱ्या परमहंस सभेतही त्यांची ऊठबस होती. मुंबईत एवढं सगळं घडूनही बाप्तिस्म्यासाठी ते बेळगावलाच आले. तारीख 3 सप्टेंबर 1854, वार रविवार. ज्या गावात आपल्याला सगळे ओळखतात, जिथे जातीचं घर आहे, तिथेच उघडपणे हे पाऊल टाकायचं म्हणजे काय, हे त्या काळाचा विचार केला की कळतं. जातीबाहेर जाणाऱ्याला घर, पंगत, सोयरीक सगळ्यालाच मुकावं लागे. अशा वेळी मागे उभं राहायला लहानपणापासून पाहिलेला पाळक आणि ओळखीची मंडळी असणं ही लहान गोष्ट नव्हती.

तीनच वर्षांनी, 1857 मध्ये, त्यांचं ‘यमुनापर्यटन’ आलं. विधवा पुनर्विवाहाचा कायदा होऊन तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. यमुना आणि तिचा नवरा विनायकराव प्रवासाला निघतात. नागपूर, सातारा, पंढरपूर अशा गावोगावी त्यांना विधवा भेटतात आणि प्रत्येकीची कहाणी वेगळी निघते. पुढे नवरा जातो आणि जे यमुनेने परक्या घरांत पाहिलं ते तिच्या दारात येतं. केशवपनाचा धाक तिलाही पडतो. ती त्यातून सुटते, ख्रिस्ती होते आणि पुन्हा लग्न करते. धर्मप्रचाराचा हेतू लेखक लपवत नाही. तरीही बायकांची बोलणी, घरातले टोमणे, तीर्थावरची फसवणूक यांचं चित्र इतकं जवळचं आहे की ते नुसतं प्रचाराचं पुस्तक राहत नाही.

बाबा पद्मनजी 1867 मध्ये पुण्याच्या फ्री चर्चच्या मराठी मंडळीचे पाळक झाले. टेलरांच्या शाळेतला मुलगा स्वतः उपदेशपीठावर उभा राहिला. त्यांनी शंभराहून अधिक लहानमोठी पुस्तकं लिहिली आणि मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची संक्षिप्त आवृत्तीही सिद्ध केली. 1906 मध्ये ते वारले.

बदलीचे पाळक

त्याआधी दोन वर्षं, 1904 मध्ये, लंडन मिशनने बेळगावचं काम अमेरिकन मेथडिस्ट एपिस्कोपल चर्चच्या हवाली केलं. माणसं तीच, शाळा तीच, व्यवस्था मात्र बदलली. मेथडिस्टांत बिशप असतो. वार्षिक परिषदेत पाळकांच्या नेमणुका वाचून दाखवल्या जातात आणि तहसीलदाराप्रमाणे पाळकाचीही बदली होते. याचे फायदे आहेत. एका माणसाच्या लहरीवर मंडळी चालत नाही, लहान गावालाही पाळक मिळतो. पण तीस वर्षं एकाच ठिकाणी रुजलेला टेलर या पद्धतीत सहसा घडत नाही. ती जागा हळूहळू शाळांनी घेतली. बेनन स्मिथ आणि मुलींची वनिता विद्यालय या मेथडिस्टांच्या शाळांत बेळगावच्या सगळ्या जातिधर्मांची मुलं पिढ्यान्‌पिढ्या शिकली.

निपाणीची वाट वेगळी

बेळगावहून महामार्गाने पाऊणशे किलोमीटर उत्तरेला गेलं की तंबाखूची निपाणी लागते. जिल्हा एकच, पण चर्चच्या दृष्टीने निपाणी कोल्हापूरची. रॉयल वाइल्डर 1852 मध्ये कोल्हापुरात आले, त्यांनी रोवलेलं काम पुढे अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनकडे गेलं आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या मिशनचं ठाणं निपाणीतही पडलं. प्रेस्बिटेरियन मंडळीत ना बिशप ना बदलीचा हुकूम, वडीलजनांच्या मंडळाचा कारभार. 1970 मध्ये उत्तर भारतातल्या अनेक पंथांनी मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया केलं, त्यात कोल्हापूरकडची परंपरा गेली. बेळगावचे मेथडिस्ट बाहेर राहिले. 1 नोव्हेंबर 1956 ला बेळगाव आणि निपाणी दोन्ही म्हैसूर राज्यात गेली. चर्चचे नकाशे त्याच्या कितीतरी आधी आखलेले होते आणि त्यांत राज्याची सीमा कुठेच नव्हती.

2031 मध्ये बाबा पद्मनजींच्या जन्माला दोनशे वर्षं होतील, 2032 मध्ये बेनन स्मिथ शाळेला. दोन द्विशताब्द्या पाठोपाठ येतात, आणि तयारीला वेळ आहे. साहित्य संमेलनं भरवण्याची हौस बेळगावला जुनी आहे. एखादं शाळेच्या आवारात भरलं, आणि त्यात ‘यमुनापर्यटन’वर मराठीबरोबर कन्नडमध्येही बोललं गेलं, तर ते टेलरसाहेबांच्या मंडळीच्या रीतीला धरूनच होईल.