काँक्रीटच्या जंग्या

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरचा पेव्हेन्सीचा किल्ला मुळात रोमनांचा, तिसऱ्या शतकाच्या अखेरचा. १०६६ मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमचं सैन्य उतरलं ते याच किनाऱ्यावर. या किल्ल्याच्या पडक्या भिंतींत काही आडव्या जंग्या, म्हणजे गोळी झाडायच्या फटी, आहेत. त्या रोमनांच्या नाहीत आणि विल्यमच्याही नाहीत, त्या १९४० च्या आहेत. जर्मन फौजा उतरतील या भीतीने मशीनगनची ठाणी अवशेषांतच दडवून बांधली होती. युद्ध संपल्यावर ती पाडायची की ठेवायची असा प्रश्न आला, तेव्हा हाही किल्ल्याच्या इतिहासाचाच भाग आहे असं ठरवून ती ठेवली.

इतर बहुतेक ठिकाणी असा विचार कोणी केला नाही. मुळात ही बांधकामं उभी राहिली तीच घाईत. मे-जून १९४० मध्ये डंकर्कहून ब्रिटिश सैन्य परतलं, पण तोफा आणि वाहनं फ्रान्समध्येच राहिली. देशाच्या संरक्षणाची जबाबदारी असलेल्या जनरल आयर्नसाइड यांनी नद्या, कालवे आणि रेल्वेचे भराव यांच्या आधाराने देशभर अडवणुकीच्या रेषा आखल्या. या रेषांवर काही महिन्यांत हजारो पिलबॉक्स उभे राहिले. पिलबॉक्स म्हणजे काँक्रीटची बुटकी, बहुधा षटकोनी चौकी. लष्कराने नमुन्याचे नकाशे पाठवले, पण बांधणारे बरेचसे गावोगावचे ठेकेदार होते. प्रत्येकाने हाताशी असेल ते सामान वापरलं, त्यामुळे एकाच नकाशाची रूपं ठिकठिकाणी वेगळी झाली.

नोंद करणाऱ्याला खरा रस असतो तो इथेच. एखाद्या चौकीच्या काँक्रीटवर फळ्यांच्या रेषा उमटलेल्या दिसतात. दुसरीला बाहेरून विटा असतात. लाकूड मिळेना म्हणून विटांचीच सेंट्रिंग केली आणि ती तशीच राहू दिली. आत मध्यभागी एक आडवी भिंत असते, जंगीतून शिरलेली गोळी उसळून पाठीमागच्या सैनिकाला लागू नये म्हणून. काही चौक्यांना झोपडीचं किंवा गवताच्या गंजीचं सोंग दिलेलं होतं. कोणती चौकी नेमकी कुठे बांधली गेली, याची पूर्ण यादी मात्र घाईत कोणी ठेवली नाही. कागद अपुरे असल्यामुळे जमिनीवर जाऊन पाहणं भाग होतं आणि म्हणूनच हे काम पुरातत्त्वाचं ठरतं.

पहिली चिकाटी दाखवली ती हेन्री विल्स या पत्रकाराने. लोकांकडून माहिती गोळा करत त्याने १९८५ मध्ये पिलबॉक्सवर पुस्तक काढलं. पुढे १९९५ मध्ये ब्रिटिश पुरातत्त्व परिषदेने ‘डिफेन्स ऑफ ब्रिटन’ हा प्रकल्प सुरू केला. सुमारे सहाशे स्वयंसेवक नकाशे, फॉर्म आणि कॅमेरे घेऊन शेतं, बांध आणि किनारे पालथे घालू लागले. २००२ पर्यंत विसाव्या शतकातल्या जवळपास वीस हजार लष्करी जागांची नोंद झाली. आपल्याकडच्या गडवेड्यांना हा उद्योग चटकन समजेल. फरक इतकाच की यांची वास्तू जेमतेम साठीची होती आणि शेजारचा शेतकरी तिच्यात खुशाल अवजारं ठेवत होता.

या नोंदींत एक उणीव होती. वीस हजार ठिपके म्हणजे संरक्षणाची योजना नव्हे. सुटी चौकी पाहून फारसं काही कळत नाही. तिच्या जंगीतून कोणता पूल दिसतो, शेजारच्या चौकीचा मारा कुठे संपतो आणि रणगाडे अडवणारा खंदक कुठून जात होता, हे एकत्र मांडलं तरच १९४० च्या अधिकाऱ्याचं डोकं कळतं. विल्यम फूट यांनी पुढच्या टप्प्यात नेमकं हेच केलं. त्यांनी निवडक टापू घेतले, युद्धकाळातले कागद आणि विमानातून काढलेली छायाचित्रं जमिनीवरच्या अवशेषांशी ताडून पाहिली आणि इंग्लंडमधले ६७ टापू पुस्तकात मांडले. माझ्या मते वीस हजारांच्या यादीपेक्षा हे काम मोलाचं आहे, पण त्या यादीवाचून ते झालं नसतं.

ही यादीही एका बाजूला झुकलेली आहे. शहरातल्या चौक्या रस्ते आणि घरं यांच्यासाठी आधी पडल्या. शेतातल्या टिकल्या, कारण तेवढं काँक्रीट फोडण्याचा खर्च कोणाला परवडेना. म्हणून उरलेल्या चौक्यांवरून मूळ योजनेचा अंदाज बांधताना सावध राहावं लागतं. काही चौक्यांना आता कायद्याचं संरक्षण आहे, काहींत वटवाघळांनी बस्तान मांडलंय. बाकीच्यांची नोंद हाच त्यांचा पुरावा. ती यॉर्क इथल्या पुरातत्त्व माहितीसंग्रहात आहे आणि कोणालाही घरबसल्या, फुकट पाहता येते.