डॉक्टर आणि रुग्ण : न बोललेल्या अपेक्षा

रुग्ण दवाखान्यात येतो तो एकटा आजार घेऊन येत नाही. आजार कशाने होतो, औषध कसे असावे, वैद्याने कसे वागावे, याविषयी पिढ्यान् पिढ्या चालत आलेल्या कल्पना त्याच्यासोबत असतात. वैद्यकीय महाविद्यालयात घडलेल्या डॉक्टरांच्याही रुग्णाकडून काही अपेक्षा असतात. दोन्ही बाजूंच्या या अपेक्षा बहुधा बोलून दाखविल्या जात नाहीत आणि त्यामुळे औषध योग्य असूनही उपचार फसतो. आरोग्यसेवेचा विस्तार करताना इमारती, औषधे आणि कर्मचारी यांच्याइतकेच या बाबीकडेही लक्ष पुरविणे अगत्याचे आहे.

पथ्य आणि सुई

'पथ्य काय पाळायचे?' हा आपल्याकडील रुग्णाचा ठरलेला प्रश्न होय. आयुर्वेदाने औषधाबरोबरच आहारविहारालाही महत्त्व दिले असल्याने तो स्वाभाविक आहे. 'काहीही खा' एवढेच उत्तर मिळाले, की आपल्याकडे नीट लक्ष दिले गेले नाही असे रुग्णाला वाटते. एखादी गोळी 'उष्ण पडते' म्हणून तो ती परस्पर बंद करतो. पण डॉक्टर रागावतील या भयाने तसे सांगत नाही. क्षयरोगावर साधारणतः सहा महिने नियमित औषध घ्यावे लागते. तेथे हे मौन घातक ठरते. कारण अर्धवट उपचारांमुळे जंतू औषधाला दाद देईनासे होतात. या उपचारातील रिफाम्पिसिन या औषधाने लघवीला लालसर रंग येतो. ही गोष्ट आधी सांगितली तर रुग्ण निर्धास्त राहतो. न सांगितली तर उष्णता वाढल्याची त्याची खात्री पटते.

सुईविषयीचा विश्वास असाच खोलवर रुजलेला आहे. गोळी हे साधे औषध, सुई हे खरे औषध आणि सलाईन म्हणजे ताकद, अशी अनेकांची समजूत असते. वस्तुतः पाच टक्के ग्लुकोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत २५ ग्रॅम, म्हणजे सुमारे पाच चमचे साखर असते, तर साध्या सलाईनच्या तेवढ्याच बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असते. शुद्ध हरपलेल्या किंवा शरीरातील पाणी अतिशय कमी झालेल्या रुग्णाचे प्राण ही बाटली वाचवू शकते. परंतु तोंडाने खाऊ-पिऊ शकणाऱ्या थकलेल्या माणसाला तिच्यातून वेगळी शक्ती मिळत नाही. हे डॉक्टर जाणतात. तथापि सुई न दिल्यास रुग्ण दुसऱ्या दवाखान्यात जाईल, ही धास्ती त्यांना असते. डॉक्टर देतात म्हणून रुग्ण मागतो आणि रुग्ण मागतो म्हणून डॉक्टर देतात. या चक्रात खर्च वाढतो, आणि सुई निर्जंतुक नसेल तर कावीळ-ब किंवा एचआयव्हीचा धोकाही संभवतो.

निर्णय कोणाचा?

'तुम्हीच आमचे देव, काय ते तुम्ही ठरवा,' या उद्गारात विश्वास असतो, तसेच स्वतःचा निर्णय दुसऱ्यावर सोपविणेही असते. गंभीर आजाराची वार्ता रुग्णाऐवजी घरातील कर्त्या माणसाला सांगण्याचा आपल्याकडे रिवाज आहे. उशाशी बसणारे, डबा आणणारे कुटुंब ही आपल्या रुग्णाची मोठी शक्ती आहे. मात्र तातडीची स्थिती नसताना सज्ञान व निर्णयक्षम रुग्णाची संमती त्याचीच असावी लागते. नातेवाइकांची संमती तिची जागा घेऊ शकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये स्पष्ट केले. शिवाय ज्याला देव मानले त्याच्या हातून रुग्ण दगावला, की तोच अपराधी ठरतो. रुग्णालयांवरील हल्ल्यांना आळा घालण्यासाठी महाराष्ट्राला २०१० मध्ये कायदा करावा लागला. धोका किती, यश किती, हे आरंभीच समजावून सांगितले तर असे अनेक प्रसंग टळू शकतात.

गडचिरोलीचा अनुभव

डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी 'सर्च' संस्थेमार्फत गडचिरोली जिल्ह्यात १९८६ पासून कार्य केले. तेथील दोन गावांतील ६५० स्त्रियांची पाहणी १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. सुमारे ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगविषयक एक वा अधिक आजार होते. पूर्वी कधी तशी तपासणी झालेल्या स्त्रिया मात्र अवघ्या ८ टक्के होत्या. संकोचापोटी दुखणे अंगावर काढणे म्हणजे काय, हे या आकड्यांवरून उमगते.

आदिवासी लोक दवाखान्यात का येत नाहीत, हेही या संस्थेने त्यांनाच विचारले. मोठ्या इमारतीचे दडपण वाटते, नातेवाइकांना राहायला जागा नसते, तेथे आपला देव नसतो, आणि मृताला ज्या पांढऱ्या वस्त्रात गुंडाळतात तेच अंगावर घेतलेली माणसे जीव कसा वाचविणार, अशी उत्तरे मिळाली. त्यानुसार आदिवासी वस्तीसारख्या झोपड्यांचा, नातेवाइकांना सोबत राहता येईल असा दवाखाना उभारण्यात आला आणि त्याला माँ दंतेश्वरीचे नाव देण्यात आले. वैद्यकशास्त्र तेच राहिले. त्याच्याकडे जाणारी वाट ओळखीची झाली.

गावाने काय करावे?

२०१९ पासून वैद्यकीय अभ्यासक्रमात वर्तन, नीती आणि संवाद यांच्या शिक्षणाला स्थान मिळाले आहे. खाजगी रुग्णालयांनी रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावावी, असा नियम राज्याने २०२१ मध्ये केला. ही सनद वाचून दाखविण्याचे काम ग्रामसभेला सहज करता येईल. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे जुलाबावरील जलसंजीवनीचे प्रमाण शिक्षकांनी मुलांना पाठ करून द्यावे. गावातील समजुती व शंका यांची माहिती आशा स्वयंसेविकेला असते. ती प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांपर्यंत पोहोचावी, याची तजवीज पंचायत सदस्यांनी करावी.

रुग्णाने 'गोळी मी बंद केली होती' असे निर्भयपणे सांगावे आणि डॉक्टरांनी ते न रागावता ऐकून घ्यावे, एवढे साधले तरी कित्येक उपचार मध्येच सुटण्याचे थांबतील.