चोपन्न टक्के मालकी, ताळेबंदात एक ओळ

धारहून मांडूकडे जाणाऱ्या वाटेवरचे नालछा आणि इंदूरच्या बाजूला पसरलेले पीथमपूर ही दोन्ही ठिकाणे मध्य प्रदेशातील एकाच धार जिल्ह्यात येतात. एकाची ओळख माळव्याच्या जुन्या इतिहासाशी जोडलेली आहे, तर दुसऱ्याची कारखान्यांशी. पीथमपूरच्या कारखान्यातून १९८६ पासून आयशरचे ट्रक बाहेर पडत आले आहेत. जुलै २००८ मध्ये आयशर मोटर्सने आपला व्यावसायिक वाहनांचा व्यवसाय स्वीडनच्या व्होल्वो समूहासोबत उभारलेल्या व्हीई कमर्शियल व्हेइकल्स या कंपनीकडे सोपवला आणि या कंपनीचे ५४.४ टक्के समभाग आयशर मोटर्सकडे, तर ४५.६ टक्के व्होल्वोकडे आले. तरीही आयशर मोटर्सच्या आजच्या एकत्रित हिशेबात या ट्रकची विक्री स्वतःची विक्री म्हणून धरली जात नाही. नफा-तोटा पत्रकात संयुक्त उपक्रमाच्या नफ्यातील हिश्श्याची एक ओळ आणि ताळेबंदात गुंतवणुकीची एक ओळ, एवढ्यातच तो सारा कारभार सामावतो. निम्म्याहून अधिक मालकी असलेला व्यवसाय विक्रीच्या आकड्यात का येत नाही, या प्रश्नाचे उत्तर शोधताना एका कंपनीने दुसऱ्या कंपनीत दीर्घकाळासाठी केलेल्या समभाग गुंतवणुकीचे लेखांकन मुळापासून समजून घ्यावे लागते.

नात्यावरून ठरणारी नोंद

समभाग घेणारी कंपनी कागदोपत्री भागधारक असली, तरी त्या मालकीमागचे नाते चार प्रकारचे असू शकते, आणि लेखा मानके या नात्यावरूनच नोंदीची पद्धत ठरवतात. पहिल्या प्रकारात हिस्सा किरकोळ असतो आणि कारभारात काहीही म्हणणे चालत नाही. असे समभाग रास्त मूल्याने, म्हणजे शेअर बाजारात सूचीबद्ध कंपनीच्या बाबतीत बाजारभावाने, ताळेबंदात मांडले जातात. त्या मूल्यातील चढउतार नफ्या-तोट्यात घ्यायचा की इतर सर्वसमावेशक उत्पन्न या वेगळ्या कप्प्यात ठेवायचा, याची निवड समभाग प्रथम नोंदवताना करावी लागते. वेगळा कप्पा एकदा निवडला की ती निवड बदलता येत नाही आणि पुढे समभाग विकले तरी तो साचलेला लाभ नफ्यात आणता येत नाही.

दुसऱ्या प्रकारात लक्षणीय प्रभाव असतो. संचालक मंडळावर प्रतिनिधी असतो आणि धोरण ठरवताना त्याचे मत विचारात घेतले जाते, मात्र अंतिम निर्णय त्याच्या हाती नसतो. मतदानाचा २० टक्के किंवा त्याहून जास्त अधिकार असेल, तर उलट पुरावा नसल्यास असा प्रभाव आहे असे मानले जाते आणि त्या कंपनीला सहयोगी कंपनी म्हटले जाते. तिसऱ्या प्रकारात संयुक्त नियंत्रण असते, म्हणजे महत्त्वाचे निर्णय दोन्ही भागीदारांच्या संमतीवाचून होऊच शकत नाहीत. चौथ्या प्रकारात पूर्ण नियंत्रण असते. अशी कंपनी उपकंपनी ठरते आणि तिची विक्री, खर्च, मालमत्ता व देणी ओळीगणिक मूळ कंपनीच्या आकड्यांत मिळवून, इतर भागधारकांचा वाटा शेवटी वेगळा दाखवला जातो. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकाराला मात्र जी पद्धत लागू होते, तिला इक्विटी पद्धत म्हणतात.

कोठार आणि पोते

इक्विटी पद्धतीचे मर्म सामाईक कोठाराच्या उदाहरणाने नीट कळते. दोन शेतकऱ्यांनी पिकवलेला गहू एकाच कोठारात साठवला, तर सुगी होऊन धान्य कोठारात पडताच प्रत्येकाचा वाटा वाढतो. पुढे एखाद्याने आपल्या वाट्यातले पोते घरी नेले, तर त्याची मिळकत त्यामुळे वाढत नाही, केवळ कोठारातला त्याचा वाटा घटून घरातला साठा वाढतो. कोठारातील धान्य म्हणजे दुसऱ्या कंपनीने कमावलेला नफा आणि घरी आणलेले पोते म्हणजे तिने वाटलेला लाभांश.

आकड्यांतून हेच अधिक स्पष्ट होते. एका कंपनीने दुसऱ्या कंपनीचे ३० टक्के समभाग ९० कोटी रुपयांना घेतले, असे समजू. त्या दुसऱ्या कंपनीची निव्वळ मालमत्ता, म्हणजे देणी वजा जाता उरणारी मालमत्ता, रास्त मूल्याने २५० कोटींची असेल, तर ३० टक्क्यांचा वाटा ७५ कोटींचा होतो. वर मोजलेले १५ कोटी हे त्या व्यवसायाच्या ख्यातीपोटी, म्हणजे ज्याला व्यवहारात गुडविल म्हणतात त्यापोटी दिलेले असतात, आणि ते गुंतवणुकीच्या रकमेतच राहतात. वर्षअखेर त्या कंपनीने ४० कोटी नफा कमावला, तर १२ कोटींचा हिस्सा गुंतवणूकदार कंपनीच्या नफ्यात येतो आणि गुंतवणुकीची रक्कम १०२ कोटी होते. तिने १० कोटींचा लाभांश वाटला, तर ३ कोटी रोख हाती येऊन गुंतवणूक ९९ कोटींवर उतरते.

कायद्यानुसार मूळ कंपनीला एकत्रित हिशेबासोबत स्वतंत्र हिशेबही द्यावा लागतो आणि त्या स्वतंत्र हिशेबात हीच गुंतवणूक मूळ किमतीने दाखवता येते. तसे केल्यास रक्कम ९० कोटीच राहते आणि उत्पन्न म्हणून केवळ ३ कोटींचा लाभांश येतो. त्या कंपनीवर काहीच प्रभाव नाही असे मानले आणि वर्षअखेर त्या समभागांचा बाजारभाव १३० कोटी झाला असेल, तर ४० कोटींची मूल्यवाढ आणि ३ कोटींचा लाभांश मिळून ४३ कोटींचा लाभ दिसू शकतो. समभाग तेच, वर्ष तेच. तरी उत्तरे ३, १२ आणि ४३ अशी तीन येतात. हिशेबाने नेमके काय सांगावे, हाती आलेले पैसे, कमावलेला वाटा की बाजाराने लावलेली किंमत, हे नात्यावरून ठरते म्हणून ती वेगळी येतात.

२०१६ चा बदल

भारतातील जुन्या लेखा मानकांत निम्म्याहून अधिक मतदानाचा अधिकार असला की नियंत्रण आहे असे धरले जाई. त्या नियमाने व्हीई कमर्शियल व्हेइकल्स ही आयशर मोटर्सची उपकंपनी ठरत होती आणि तिची संपूर्ण विक्री एकत्रित हिशेबात दाखवली जात होती. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०१५ मध्ये अधिसूचित केलेली भारतीय लेखा मानके १ एप्रिल २०१६ पासून ५०० कोटी किंवा त्याहून अधिक निव्वळ संपत्तीच्या कंपन्यांना सक्तीची झाली, आणि नियंत्रणाची कसोटी टक्केवारीवरून प्रत्यक्ष अधिकारावर आली. भागधारकांतील करारानुसार महत्त्वाच्या निर्णयांना दोन्ही बाजूंची संमती लागत असेल, तर ५४.४ टक्के असूनही एकट्याचे नियंत्रण सिद्ध होत नाही. त्यामुळे ही कंपनी उपकंपनीऐवजी संयुक्त उपक्रम ठरली. ट्रकची विक्री, कारखान्याची यंत्रे आणि मालाचे साठे हे आकडे आयशर मोटर्सच्या एकत्रित पत्रकांतून बाहेर पडले आणि त्यांची जागा वर सांगितलेल्या दोन ओळींनी घेतली.

या बदलाने आयशर मोटर्सच्या भागधारकांच्या वाट्याला येणारा नफा मुळात बदलत नाही, कारण पूर्वी इतरांचा वाटा शेवटी वजा होत असे आणि आता फक्त आपलाच वाटा सुरुवातीपासून घेतला जातो. विक्रीचा आकडा मात्र एकदम खाली येतो आणि विक्रीवरील नफ्याचे प्रमाण तितकेच एकदम वाढलेले दिसते. मानकबदलाआधीचे व नंतरचे वर्ष शेजारी ठेवून कंपनी आकसली किंवा अचानक कार्यक्षम झाली, असा निष्कर्ष काढणे म्हणूनच चुकीचे ठरते.

टक्केवारीपेक्षा अधिकाराला महत्त्व असल्याची साक्ष इतर उदाहरणेही देतात. शेजारच्या देवासमध्ये कारखाना असलेल्या पुण्याच्या किर्लोस्कर ब्रदर्सचा जपानच्या एबारासोबत किर्लोस्कर एबारा पंप्स हा संयुक्त उपक्रम आहे. त्यातील ४५ टक्क्यांचा, म्हणजे निम्म्याहून कमी हिस्साही इक्विटी पद्धतीनेच मांडला जातो. जुन्या बजाज ऑटोच्या विभाजनातून २००८ मध्ये पुढे आलेली बजाज होल्डिंग्ज अँड इन्व्हेस्टमेंट तर बजाज ऑटो आणि बजाज फिनसर्व्ह यांना सहयोगी कंपन्या मानून त्यांच्या नफ्यातील हिस्सा याच पद्धतीने घेते. त्या समभागांचा बाजारभाव हिशेबातील रकमेपेक्षा कितीतरी अधिक असला, तरी ताळेबंद त्या भावामागे धावत नाही.

ओळीमागचे वाचन

इक्विटी पद्धतीच्या मर्यादाही गंभीर आहेत. संयुक्त उपक्रमाने घेतलेली कर्जे गुंतवणूकदार कंपनीच्या ताळेबंदात कर्ज म्हणून दिसत नाहीत, ती गुंतवणुकीच्या निव्वळ रकमेत विरून जातात. उपक्रम तोट्यात गेला, तर तोट्याचा हिस्सा गुंतवणुकीतून वजा होत जातो आणि रक्कम शून्यावर आली की, ते तोटे भरून देण्याची जबाबदारी कंपनीने पत्करलेली नसल्यास, पुढील तोटा नोंदवणे थांबते. नफ्याचा हिस्सा जमा झाला म्हणजे तेवढी रोख हाती आली, असेही नाही.

त्यामुळे पीथमपूरच्या कारखान्यावर ज्यांचा रोजगार अवलंबून आहे, किंवा ज्यांनी आयशर मोटर्सचे समभाग घेतले आहेत, त्यांनी वार्षिक अहवालातील त्या ओळीपाशी थांबू नये. अहवालाच्या टिपांमध्ये संयुक्त उपक्रमाची विक्री, नफा, कर्जे आणि शिल्लक रोख यांचा गोषवारा द्यावाच लागतो, आणि वगळलेला कारखाना तिथे पुन्हा भेटतो. त्यानंतर नफ्यातील हिस्सा आणि वर्षभरात मिळालेला लाभांश हे दोन आकडे शेजारी मांडावेत. पहिल्यावरून कोठारात काय पडले ते कळते, दुसऱ्यावरून घरी किती आले ते; आणि दोन्हींतील अंतर वर्षानुवर्षे वाढत असेल, तर ते धान्य नव्या पेरणीला लागले की कोठारातच अडकले, हा प्रश्न भागधारकांनी वार्षिक सभेत विचारणे हा त्यांचा हक्कच आहे.