कासेगावच्या गेल आणि आपले तुकोबा

आपल्या चिखलीचं जुनं नाव टाळगाव चिखली. तुकोबा वैकुंठाला गेले तेव्हा त्यांचे टाळ इथं पडले, अशी गावाची श्रद्धा आहे. देहू जवळच. तुकोबांचे अभंग लिहून ठेवणारे संताजी जगनाडे चाकणचे, त्यांची समाधी सुदुंबऱ्यात. महापालिकेनं तुकोबांच्या नावाचं संतपीठही चिखलीतच उभं केलं. या परिसरातल्या वाचकांना तुकोबांकडे वेगळ्या वाटेनं आलेल्या एका प्राध्यापिकेची ओळख असायलाच हवी. त्या म्हणजे डॉ. गेल ऑम्वेट.

२ ऑगस्ट १९४१ रोजी अमेरिकेतल्या मिनियापोलिसमध्ये त्यांचा जन्म झाला. बर्कलीच्या विद्यापीठात त्यांनी समाजशास्त्राचा अभ्यास केला, तो काळ धगधगता होता. आमचा इतिहासही शिकवा, या मागणीसाठी तिथल्या कृष्णवर्णीय, आशियाई आणि मेक्सिकन वंशाच्या विद्यार्थ्यांनी १९६९ मध्ये संप केला आणि वांशिक समाजांच्या अभ्यासाचा स्वतंत्र विभाग मिळवला. गेल यांनी तोच प्रश्न महाराष्ट्राला विचारला, असं मला वाटतं. इथल्या कष्टकरी जातींनी काय विचार केला, तो कुठं नोंदलाय?

त्यासाठी त्या मराठी शिकल्या, सत्यशोधकांच्या कागदपत्रांचा माग काढला. तरवडीसारख्या खेड्यातून मुकुंदराव पाटलांनी चालवलेलं ‘दीनमित्र’ हे वृत्तपत्र त्यांनी अभ्यासलं. १८७३ ते १९३० या काळातल्या ब्राह्मणेतर चळवळीवरचा त्यांचा प्रबंध १९७३ साली पूर्ण झाला, सत्यशोधक समाजाच्या स्थापनेला बरोबर शंभर वर्षं झाली तेव्हा. ही चळवळ म्हणजे नोकऱ्यांसाठीची ओढाताण नव्हती, ते सांस्कृतिक बंड होतं, हे त्यांनी ठासून मांडलं.

प्रबंध झाला की संशोधक परततात. गेल राहिल्या. १९७६ मध्ये डॉ. भारत पाटणकरांशी लग्न केलं, सांगली जिल्ह्यातलं कासेगाव हेच घर मानलं आणि १९८३ मध्ये भारताचं नागरिकत्व घेतलं. सासूबाई इंदुताई पाटणकर स्वातंत्र्यसैनिक. त्यांच्यासोबत गेल परित्यक्ता स्त्रियांच्या हक्कांच्या लढ्यात उतरल्या.

त्या भागातलं बळीराजा धरण मुद्दाम समजून घ्यावं असं आहे. खानापूर तालुक्यात येरळा नदी कोरडी पडत चालली होती, ठेकेदार मात्र वाळू उपसून नेत होते. बलवडी आणि तांदूळवाडीच्या लोकांनी ठरवलं, नदी आपली, वाळूही आपली. थोडी वाळू विकून त्यांनी धरणाला पैसा उभा केला, श्रमदान केलं. पाण्याच्या वाटपाचं तत्त्व त्याहून मोठं होतं. जमीन असो वा नसो, प्रत्येक कुटुंबाचा पाण्यात वाटा. भारत पाटणकर या लढ्यात पुढे होते, आणि गेल यांनी तो लेखणीतून जगापुढे नेला.

पुणे विद्यापीठात फुले-आंबेडकर अध्यासनावर त्यांनी शिकवलं, इतरत्रही शिकवलं. त्यांची सगळीच मतं पटतील असं नाही. मोठ्या धरणांना विरोध करणाऱ्या लेखिका अरुंधती रॉय यांना त्यांनी जाहीर पत्र लिहून विरोध केला, उदारीकरणाचं स्वागत केलं. चळवळीतली अनेक जवळची माणसं त्यामुळं दुखावली. पण कोरडवाहू शेतकऱ्याला पाणी हवं, हे त्या दुष्काळी मुलुखात राहून बोलत होत्या. म्हणून ते मत न पटणाऱ्यानंही ऐकून घ्यायला हवं.

आणि तुकोबा. २००८ च्या ‘सीकिंग बेगमपुरा’त त्यांनी रविदास, कबीर, तुकाराम, फुले, आंबेडकर अशी जातिविरोधी विचारवंतांची एकच परंपरा मांडली. नंतर पाटणकरांसोबत तुकोबांचे अभंग इंग्रजीत नेले. तुकोबांना त्यांनी समाजाचा विचार करणाऱ्यांच्या पहिल्या रांगेत बसवलं, हे त्यांचं आपल्यावरचं ऋण आहे.

२५ ऑगस्ट २०२१ रोजी कासेगावातच त्यांचं निधन झालं. त्यांचा प्रबंध मराठीतही आला आहे. गाव सोडून इथल्या कारखान्यांत आलेल्या अनेक पोरांच्या पूर्वजांचा इतिहास त्यात आहे. संतपीठाच्या आणि आपल्या वाचनालयांच्या चालकांना एवढीच विनंती, गाथेशेजारी गेल ऑम्वेट यांची पुस्तकं ठेवा आणि मुलांना ती वाचायला द्या.